ना पाक, ना भट्टी – आमच्या बारची वाटचाल

लोक नेहमी विचारतात, एवढं काय आहे तुमच्या खजुराच्या बारमध्ये, खजूर घ्यायचा, काजू-बदाम टाकायचे, मिक्सरला फिरवायचं, ताटात थापायचं, फ्रीजला ठेवायचं आणि कापायचं, झाला बार. आणि खरं सांगू का, घरी खायला करायचा असेल तर एवढंच आहे. मी तर सगळ्यांना सांगते, घरीच करा, विकत कशाला घेताय. पण तोच बार पाकिटात बंद करून नागपूरला पाठवायचा, तो मे महिन्याच्या उन्हात कुरियरच्या गाडीत पडून राहणार, मग कुणाच्या तरी बॅगेत महिनाभर राहणार, आणि त्यानंतर एखादी आई तो पाच वर्षांच्या पोराच्या हातात देणार, हे डोळ्यासमोर आणलं की मग कळतं की भट्टी नाही म्हणजे काम सोपं नाही, उलट अवघड आहे. बिस्किट दोनशे डिग्रीच्या आसपास ओव्हनमधून निघतं, त्यात जे काही बारीकसारीक जंतू असतील ते तिथंच संपतात. आमच्या बारला तशी शेवटची आग नाहीच. जे आत गेलं ते तसंच गिऱ्हाईकाच्या तोंडापर्यंत जाणार. आमच्या धंद्याची सगळी गोष्ट या एका वाक्याभोवती फिरते असं म्हटलं तरी चालेल.

आम्ही सांगलीचे. मी आणि माझ्या जाऊबाई, दोघींनी मिळून २०१८ मध्ये सुरू केलं, घरच्याच किचनमध्ये. त्याआधी सासूबाई दर थंडीत डिंकाचे लाडू आणि खारीक-खोबऱ्याची पूड करायच्या, तिथून हे डोक्यात आलं. त्यात दीर सायकलिंगवाले, रविवारी पहाटे दंडोबाच्या डोंगराकडे जाणारा त्यांचा ग्रुप, आणि ते बाजारातून जे बार आणायचे ते वाचून बघितले तर पहिल्या तीन घटकांत ग्लुकोज सिरप. जाऊबाई म्हणाल्या, अगं तासगावचा बेदाणा आपल्या दारात, कोल्हापूरच्या चंदगड-आजऱ्याला काजूचे कारखाने, आणि आपण हे सिरप खायचं? झालं, तिथून सुरुवात.

पहिला प्रयोग खारकेचा. पण खारीक कोरडी, ती काही धरत नाही, तिला धरायला गुळाचा पाक लागतो आणि पाक आला की ती चिक्की झाली. चिक्की वाईट नाही हां, लोणावळ्याची चिक्की मी पण आवडीनं खाते, पण आम्हाला पाकच नको होता. शिवाय फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर २०० टक्के ड्युटी लागली आणि आपल्याकडची बरीचशी खारीक सिंधमधून यायची, त्यामुळे भाव असा चढला की तो विषय तिथंच मिटला. मग मऊ खजूर. इथं एक गोष्ट सांगते जी नवीन करणाऱ्यांना कुणी सांगत नाही, खजूर सगळा एकसारखा नसतो. इराणचा किमिया, तो काळा मऊ डब्यातला, खायला एक नंबर, त्याचा बार त्या दिवशी खाल्ला तर दुसरा कुठला नको वाटेल. पण त्यात ओल भरपूर, म्हणून तो कोल्ड स्टोरेजला ठेवतात, त्याचा बार बाहेर ठेवला की चिकट होतो आणि पावसाळ्यात बुरशी धरतो. उलट इराकचा झाहिदी, पिवळसर तपकिरी, थोडा कोरडा, स्वस्त, चव साधी पण दाणे चांगले धरतो. आमच्या बारमध्ये आज दोन्ही आहेत, झाहिदी जास्त आणि किमिया थोडा, नेमकं किती ते जाऊबाई लॉट बघून हातानं ठरवतात, खजूर दाबून बघतात आणि सांगतात आज किमिया कमी घाल. हे मशीनला जमत नाही अजून तरी.

घरी करायचं असेल तर प्रमाण सांगते, ही आमची पहिल्या दिवसांतली रेसिपी, लपवायसारखं काही नाही त्यात. बी काढलेला खजूर २५० ग्रॅम, काळा बेदाणा ५० ग्रॅम, बदाम ८० ग्रॅम, काजूतुकडा ५० ग्रॅम, भाजून सोललेले शेंगदाणे ५० ग्रॅम, भोपळ्याच्या बिया ३० ग्रॅम, तीळ २० ग्रॅम, चिमूटभर मीठ, वेलची. बदाम, बिया, तीळ वेगवेगळे मंद आचेवर भाजायचे, एकत्र नाही कारण तीळ दोन मिनिटांत होतात आणि बदामाला वेळ लागतो. भाजून झाले की पूर्ण गार करायचे, पूर्ण म्हणजे पूर्ण, हाताला कोमट लागले तरी थांबायचं, कारण गरम दाणे खजुरात गेले की वाफ आत कोंडते आणि तेच पाणी नंतर त्रास देतं. खजूर पाण्यात भिजवायचा नाही!! यूट्यूबवर निम्म्या लोकांनी भिजवायला सांगितलंय, भिजवला की फिरवायला सोपा जातो हे खरं, पण मग तो बार दोन-तीन दिवसांत फ्रीजमध्येच संपवायचा. फारच कडक असेल तर कढईत चमचाभर तुपावर जरा परता, मऊ पडतो. दाणे भरड ठेवायचे, पीठ केलं तर तेल सुटतं आणि बार बर्फीसारखा लागतो. मग सगळं मळून बटर पेपरवर ओतायचं, वरून दुसरा बटर पेपर आणि लाटण्यानं जोर लावून दाबायचं, बोटाएवढी जाडी. जोर महत्त्वाचा, आत हवेची पोकळी राहिली तर कापताना सुटतं. तासभर फ्रीज, मग धारदार सुरी, सुरीला तुपाचा हात. घरी हवाबंद डब्यात दोन आठवडे बाहेर आणि महिनाभर फ्रीजमध्ये आरामात राहतो.

एवढी साधी गोष्ट. पण ओळखीच्या लोकांनी ऑर्डर द्यायला सुरुवात केली, मग मिरजेच्या हॉस्पिटलमधल्या नर्स मैत्रिणी, नाईट ड्युटीला चहाबरोबर बिस्किट खाऊन कंटाळलेल्या, त्या एकेक डबा न्यायला लागल्या, आणि मग पहिल्यांदा प्रश्न आला की यावर तारीख काय लिहायची. तारीख मनानं लिहायची नाही असं आम्ही त्याच दिवशी ठरवलं.

त्यासाठी लॅबला गेलो तेव्हा तिथल्या मॅडमनी आम्हाला जे समजावलं ते मी आज प्रत्येकाला सांगते. एखाद्या पदार्थात पाणी किती आहे हे एक आणि त्यातलं मोकळं पाणी किती आहे हे वेगळं. खजुरात पाणी असतं पण त्यातला बराचसा भाग साखरेनं धरून ठेवलेला असतो, जंतूंना तो मिळत नाही. हे मोकळं पाणी मोजतात, त्याला वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात, शून्य ते एक असं माप. ब्रेड साधारण ०.९५ ला असतो म्हणून चार दिवसांत बुरशी धरतो. ०.७ च्या खाली बहुतेक बुरशा वाढत नाहीत, आणि ०.६ च्या खाली काहीच वाढत नाही. म्हणजे आपलं टार्गेट ठरलं, ०.६ च्या खाली. फक्त एक लक्षात ठेवायचं, वाढत नाही म्हणजे मरतं असं नाही. साल्मोनेलासारखा जंतू कोरड्या दाण्यात महिनोन्महिने जिवंत राहू शकतो, अमेरिकेत २००८-०९ मध्ये शेंगदाण्याच्या पेस्टमधून शेकडो लोक आजारी पडले आणि नऊ जण गेले. ते वाचल्यावर माझी झोप उडाली होती खरंच.

म्हणून आमच्याकडे आग शेवटी नाही पण सुरुवातीला आहे. प्रत्येक दाणा, प्रत्येक बी, काजूतुकडा सुद्धा, आधी भाजला जातो, तापमान आणि वेळ वहीत लिहिली जाते, आणि भाजलेला माल ज्या खोलीत जातो त्या खोलीत कच्चा माल कधीच येत नाही, माणसं पण तीच चप्पल घालून ये-जा करत नाहीत. घरच्या किचनमध्ये हे जमणारच नव्हतं, एक ओटा, त्यावर सकाळी भाजी चिरलेली असते. त्यामुळे अन्नपदार्थ विकायला लागतं ते FSSAI चं बेसिक रजिस्ट्रेशन घेऊन घरातून थोडे दिवस चालवलं, तेव्हा १२ लाखांच्या आतल्या उलाढालीला वर्षाला १०० रुपये फी, कागदपत्रं साधी, ते काही अवघड नाही, कुणी एजंट हजारो रुपये मागत असेल तर देऊ नका, स्वतः ऑनलाइन भरा. पण जागा वेगळी हवी हे डोक्यात पक्कं होतं.

आणि अजून एक गंमत जी मला आधी माहीत नव्हती, अशा कोरड्या मालाच्या खोलीत पाण्यानं धुणं हेच धोक्याचं. आपल्याला लहानपणापासून सवय, स्वच्छता म्हणजे बादलीभर पाणी आणि खराटा. इथं उलट, ब्रश, व्हॅक्यूम, कोरडं फडकं, मग अल्कोहोलचा स्प्रे. पाणी पडलं की कोपऱ्यात ओल राहते आणि ओलीत जंतू वाढतात. आमच्या मावश्यांना हे पटवायला वेळ लागला, एक मावशी तर रोज म्हणायच्या, ताई, पाणी न मारता बरं वाटत नाही ओ. आता त्याच नवीन आलेल्या मुलींना ओरडतात, बादली आत आणू नको म्हणून. भांडी, मशीनचे सुटे भाग धुतो, पण वेगळ्या खोलीत आणि पूर्ण वाळवून मगच आत.

मधे २०१९ चा महापूर. सांगलीकरांना तो ऑगस्ट वेगळा सांगायला नको. आमच्या गल्लीत पाणी आलं नाही पण अर्धं गाव पाण्यात होतं, शाळांत, मंगल कार्यालयांत माणसं. बाहेरगावाहून खाण्याची पाकिटं येत होती, लोकांनी मनापासून पाठवलेली, पण शिजवलेलं अन्न त्या दमट हवेत संध्याकाळपर्यंत टिकत नव्हतं. आमच्याकडे राखीपौर्णिमेच्या ऑर्डरसाठी माल भरलेला होता, आम्ही दोघी आणि शेजारच्या चार बायका, लाइट नव्हती म्हणून मिक्सर बंद, तर खलबत्त्यात खजूर कुटून बार थापत होतो. गॅस नको, पाणी नको, ताट नको, एका हातात मूल आणि दुसऱ्या हातानं खाता येतं. पैसे मिळाले नाहीत आणि मागायचेही नव्हते. पण तेव्हा मला हा पदार्थ कशासाठी आहे ते नीट कळलं, तोपर्यंत माझ्या डोक्यात जिमवाले आणि सायकलवालेच होते.

त्यानंतर कोविड, मिरजेच्या त्याच नर्सा, पीपीई किट चढवलं की तासन्‌तास काही खाता येत नाही म्हणून आधी एक बार खाऊन आत जायच्या. तेव्हा मागणी एकदम वाढली आणि हातानं थापणं संपलं.

२०२० मध्ये केंद्राची पीएमएफएमई योजना आली, छोट्या खाद्य उद्योगांसाठी, प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान आणि जास्तीत जास्त १० लाख, बाकी बँकेचं कर्ज आणि किमान १० टक्के आपले. आम्ही त्यातून मशिनरी केली. प्रोजेक्ट रिपोर्ट करायला जिल्ह्याला नेमलेली माणसं मदत करतात, पण आकडे तुमचे तुम्हाला पाठ पाहिजेत, बँकेत मॅनेजर साहेब रिपोर्ट उघडतच नाहीत, तुमच्या तोंडाकडे बघून विचारतात की किलोला खर्च किती. जाऊबाईंनी तिथल्या तिथं सांगितलं आणि काम झालं. कर्ज मंजूर व्हायला बरेच हेलपाटे पडले, त्यावर जास्त लिहीत नाही, सगळ्यांचं तेच असतं.

मशीन म्हणाल तर, खजुराला मिक्सर उपयोगाचा नाही, मोटर जळते. मिन्सर लागतो, जाळीतून दाबून काढणारा. मग बेकरीवाले कणकेला वापरतात तो प्लॅनेटरी मिक्सर, स्टीलच्या फ्रेम, दाबायला रोलर, आणि कापायला चिक्कीवाल्यांचा रोलर कटर, तो आम्ही पात्यांमधलं अंतर बदलून घेतला. फ्लो रॅप मशीन, म्हणजे बारभोवती पाकीट गुंडाळून सील करणारं, सगळ्यात महाग पडलं पण त्याशिवाय पर्याय नव्हता, हातानं सील केलेल्या पाकिटात कुठंतरी टाचणीएवढं भोक राहतं आणि थंडीच्या कोरड्या हवेत तेवढ्या भोकातून बार कडक होतो, पावसाळ्यात तेवढ्यातूनच ओल शिरते. आता मेटलाइज्ड फिल्म, म्हणजे धातूचा पातळ थर असलेलं चकचकीत प्लास्टिक, आणि दर तासाला एक पाकीट पाण्यात बुडवून दाबून बघायचं, बुडबुडा आला की मशीन थांबवायचं.

पण सगळ्या मशीनपेक्षा माझा जीव निवड टेबलावर आहे. पांढरं टेबल, वर पांढरी लाइट आणि चार बायका. खजुरातून बी काढलेली असली तरी शंभरात एखाद्यात बीचा तुकडा राहतोच, आणि कुणाचा दात पडला तर? बेदाण्याला बारीक काडी असते, क्वचित खडा. मिन्सरच्या आधी हातानं प्रत्येक खजूर उघडून बघायचा, नंतर लोहचुंबक, शेवटी पाकिटं मेटल डिटेक्टरखालून. याला वेळ जातो आणि पैसा पण, हिशोब बघणारे म्हणतात इथं माणसं कमी करा, आम्ही करत नाही.

बेदाण्याचं थोडं सविस्तर सांगते कारण हा आमच्या मातीतला माल आहे आणि त्यावर माझं प्रेम आहे. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाची अधिकृत ओळख, मिळालं. जानेवारीपासून पुढं द्राक्षं उतरली की शेडवर, ती पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून जाळीवर पसरतात, त्यानं सालीवरचं मेण सुटतं आणि दोनेक आठवड्यांत वाळून होतात. नंतर पिवळा-हिरवा रंग छान टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात. बाजारात त्या रंगालाच भाव. पण गंधक ठरावीक प्रमाणापेक्षा, म्हणजे किलोला १० मिलिग्रॅमपेक्षा, जास्त राहिलं तर सल्फाइट म्हणून लेबलवर लिहावं लागतं कारण काही दमेकऱ्यांना त्याचा त्रास होतो. आम्ही धुरी न दिलेला काळा आणि तपकिरी बेदाणाच घेतो. बारमध्ये तसाही रंग दिसत नाही, मग कशाला? तासगावला सौद्याला गेलं की १५ किलोचे बॉक्स फोडून ओळीनं मांडलेले असतात, व्यापारी मूठभर उचलतात, हातात चोळतात, वास घेतात. आता आम्ही दोन शेतकऱ्यांकडून थेट घेतो, त्यांना आधीच सांगून ठेवतो की इतका माल बिनधुरीचा ठेवा, भाव सौद्याच्या वर देतो. त्यातले एक काका म्हणतात, ताई, तुमचा माल दिसायला काळा पण खाणारा परत मागतो.

काजू अख्खा घेत नाही, तुकडा घेतो, चव तीच आणि भाव कमी, बारमध्ये अख्खा काजू घालून करायचंय काय. अक्रोड आम्ही सोडला. लोक मागतात, मेंदूला चांगला म्हणतात, पण अक्रोडाचं तेल फार लवकर खवट होतं, महिन्या-दीड महिन्यात पूर्ण बारला कडवट वास येतो, आणि तो वास लपवायला मग चॉकलेट, इसेन्स, असं एकातून एक वाढत जातं. जवसाचं पण तेच, अख्खं भाजलेलं घाला, पूड करून नको. सुकं खोबरं मला फार प्रिय, पण ओलीबरोबर राहिलं की त्याला साबणासारखी चव येते, म्हणून फक्त दिवाळीच्या ताज्या बॅचला. आणि क्रॅनबेरी, तो लाल चमकदार तुकडा फोटोत छान दिसतो, पण बाजारातली सुकी क्रॅनबेरी जवळजवळ सगळी साखरेत मुरवलेली असते, ती घालून वर साखर नाही म्हणायचं हे आम्हाला जमणार नव्हतं. तसंच आंबापोळीचं, बऱ्याच ठिकाणी साखर असते, विचारून घ्यावी लागते.

साखरेवरून आठवलं. आमच्या पाकिटावर साखर घातलेली नाही असं लिहिलंय आणि त्याच्याच खाली नैसर्गिक साखर आहे असंही लिहिलंय, नियम पण तोच आहे आणि ते बरोबर आहे. ४० ग्रॅमच्या एका बारमध्ये साधारण १६५ कॅलरी, चार ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, आणि फळांची साखर पंधरा ग्रॅमच्या जवळपास. कुणी शुगर असलेले काका-काकू स्टॉलवर आले की मी स्वतः सांगते, हा रोज खायचा पदार्थ नाही तुमच्यासाठी, डॉक्टरांना विचारा, अर्धा खा, चालून आल्यावर खा. एकदा एका दुकानदारानं सांगितलं डायबेटिक फ्रेंडली लिहा, डबल खपेल. नाही लिहिलं. प्रोटीन बार पण म्हणत नाही, चार ग्रॅमला काय प्रोटीन बार म्हणायचं. हा चालणाऱ्या, चढणाऱ्या, पळणाऱ्या, उभ्यानं काम करणाऱ्या माणसाचा खाऊ आहे, त्याला ती साखर लागते, त्यासाठीच तो केलाय.

उपवासाचा बार हा आमचा सगळ्यात जास्त खपणारा, आणि तो कल्पनेत आला तेवढा सोपा नव्हता. राजगिऱ्याच्या लाह्या, शेंगदाणे, खजूर, काजू, सैंधव. तीळ नाही कारण काही घरांत उपवासाला तीळ चालत नाहीत. अडचण लाह्यांची. खजुराची ओल हळूहळू लाह्यांत जाते आणि आठवड्यात लाही मऊ पडते, चिवट लागते. बरेच उपाय करून बघितले, शेवटी जमलं ते असं की लाह्या आधी शेंगदाण्याच्या पातळ पेस्टमध्ये हलक्या घोळवायच्या, तेलाचा तो थर ओल आत जाऊ देत नाही, निदान लवकर जाऊ देत नाही. तरी तीन महिन्यांनी कुरकुरीतपणा कमी होतोच, म्हणून त्यावर अडीच महिन्यांचीच तारीख. आणि उपवासाची बॅच आठवड्याची पहिली, सगळं साफ करून, म्हणजे दुसऱ्या बारचा एक तीळसुद्धा त्यात जायला नको. एखाद्या आजी एकादशीला विश्वासानं खाणार आहेत, तिथं चालतंय असं म्हणून भागत नाही. आषाढीच्या आधी वारीत चालणारे बरेच जण घेऊन जातात.

बाकी बारला चार महिने. मोठ्या एका साखळी दुकानाकडून विचारणा झाली होती, त्यांना किमान नऊ महिन्यांची तारीख हवी होती. नऊ महिने शक्य आहेत, प्रिझर्व्हेटिव्ह घाला, ग्लिसरीन घाला, ओल धरून ठेवणारं सिरप घाला, होतं. मग तो आमचा बार राहत नाही. आम्ही नाही म्हणालो, घरात त्यावर दोन दिवस चर्चा झाली, दीर म्हणाले कर्जाचे हप्ते आहेत, त्यांचंही बरोबर होतं. पण छोटी दुकानं, ट्रेकचे ग्रुप, सायकल क्लब, हॉस्पिटलची कॅन्टीन, थेट घरपोच, यावर चाललंय आणि बरं चाललंय. हिशोब पण सांगते, किलोला कच्चा माल साधारण ४०० रुपये पडतो म्हणजे बारला १६, मग पाकीट, मजुरी, लाइट, टेस्टिंग, दुकानदाराला २५ टक्के, वाया गेलेला माल, वाहतूक, आणि ४५ रुपये एमआरपीला आमच्या हातात जे उरतं ते थोडंच. सप्टेंबर २०२५ मध्ये बदाम, खजूर अशा बऱ्याच सुक्या मेव्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला त्यानं थोडा श्वास घेता आला. त्या पैशातून ओल शोषणारी मशीन घेतली, पावसाळ्यात पॅकिंगच्या खोलीची हवा कोरडी ठेवायला, आधी जुलैमध्ये पाऊस लागला की पॅकिंग थांबवावं लागायचं.

पाकिटाचा कचरा ही गोष्ट मनाला लागते. ही मेटलाइज्ड फिल्म रिसायकल करणं अवघड, अनेक थर एकत्र चिकटलेले असतात. राजगडच्या वाटेवर, हरिश्चंद्रगडावर असल्या पाकिटांचा खच बघितलाय, आणि त्यात उद्या आपलं पण असणार हे सहन होत नाही. म्हणून ट्रेक ग्रुपनी आठवड्याच्या आत खायचा माल मागितला तर आम्ही स्टीलच्या डब्यात बटर पेपरचे थर घालून देतो, डब्यावर लेबल, डबा परत द्यायचा, अनामत परत. पाच-सहा ग्रुप हे नियमितपणे करतात. दुकानातल्या मालाला अजून उत्तर सापडलेलं नाही, कागदी पाकिटं करून बघितली पण ओल थांबत नाही आणि तेलाचे डाग पडतात. शोध चालू आहे, कुणाला खरंच चांगली फिल्म माहीत असेल तर जरूर सांगा.

नवीन मुली फोन करतात, ताई, सुरू करायचंय, काय करू. मी म्हणते एकच चव घ्या, दहा नको. मोकळ्या पाण्याची टेस्ट करून घ्या, ती फार महाग नाही. लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं, शेंगदाणा-काजू-बदाम-तीळ वापरताय तर अ‍ॅलर्जीची सूचना ठळक, बॅच नंबर, एमआरपी, वजन, हे लोगोच्या आधी करा. शेंगदाणा घेताना सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा वास असलेला दाणा एक जरी दिसला तरी ते पोतं परत, कारण त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष भाजून जात नाही. चॉकलेटचा थर देऊ नका निदान उन्हाळ्यात तरी, आमच्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, कुरियरवाल्याच्या टेम्पोत काय होणार ते तुम्हीच बघा.

सध्या सुकेळीवर काम चालू आहे. वसईकडं राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून सुकेळी करतात, मधासारखी गोड, साखर अजिबात न घालता, आणि करणारी घरं आता थोडीच राहिलीत. जाऊबाईंच्या माहेरचं नातं तिकडं आहे म्हणून आम्हाला थोडा माल मिळतो. सुकेळी खजुरापेक्षा चिवट, मिन्सरमधून निघताना लांब दोरे येतात, पण काजू आणि सुंठेबरोबर जी चव लागते ती दुसऱ्या कशाला नाही. पहिल्या लॉटचं मोकळं पाणी ०.६ च्या वर आलं, म्हणून तो विकायला काढला नाही, घरात आणि मावश्यांच्या पोरांनी संपवला. आता सुकेळी अजून एक दिवस जास्त वाळवून मागवली आहे आणि खजूर सगळा झाहिदी घेतोय. नमुने लॅबला गेलेत, आकडा खाली आला तर दिवाळीला थोडीच पाकिटं काढणार, माल जेवढा येईल तेवढीच.